तीन आठवड्यांचा दात

भुसावळच्या लॅबमध्ये
रात्री दात छापतो मी.
रेझिनच्या तळ्यातून
उलटी लटकत वर येते दाढ,
थराखाली थर, केसाहून बारीक.

चिठ्ठीत लिहिलेलं : तात्पुरती.
द्वारकाबाई नेहेते, फैजपूर, खालची डावी.
तीन आठवडे निघाले की झालं,
पक्की येतेच आहे मागून.

बाई पाचव्या दिवशी हजर.
पानाच्या डबीत, कापसात, दोन तुकडे.
"बिबडी खाल्ली?"
"अर्धीच. तीबी भिजवून."
मग जरा थांबून,
"नाही भिजवली, भाऊ."

भिंगाखाली धरले.
चावायच्या जागी ओरखडासुद्धा नाही.
चीर गेलेली आडवी, सुतासारखी सरळ,
नेमकी त्या थराशी
जिथे मंगळवारी सव्वादोनला लाईट गेली,
आली,
आणि मी मशीन तसंच पुढे चालू करून
स्टेशनवर चहाला गेलो.

बिबडीवर ढकलता आलं असतं.

दुसरी छापताना तिरपी ठेवली.
बॅटरी जोडली. स्टुलावर बसून राहिलो.
धुतली, निळ्या उजेडात शेकली,
आणि तिच्याच जोडीला छापलेली एक जादाची
पकडीत धरून मोडून पाहिली.
मोडली नाही. अंगठा सोलला माझा.

महिन्याने पक्की तयार झाली,
पांढरीशुभ्र, महागाची, डबीत बंद.
डॉक्टरांचा फोन :
बाई जुनी काढू देत नाहीत.
म्हणतात, बसलीये ना ती नीट,
मग तिला कशाला उठवता?