हातोडीचा कान

दर दोन वर्षांनी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात,
लेअरच्या आमच्या तपासणी शेडमध्ये येते ती बदामी व्हॅन.
चौऱ्याऐंशी सालची फोक्सवॅगन, इंजिन मागे,
आणि पुढे विबके हार्म्स, निवृत्त पोस्टवाली,
मांडीवर वही.

वही व्हॅनची. तेल पिऊन पानं आरपार झालेली.
तीन मालकांची तीन अक्षरं.
पहिल्याचं तिरपं: ‘ऑइल बदललं, एक लाख बारा हजार.’
दुसऱ्यानं एकदाच लिहिलंय: ‘आवाज येतो.’
कसला, कुठून, काही नाही. त्यापुढे दोन वर्षं कोरी.
उरलेलं सगळं विबकेचं,
पाकिटावरच्या पत्त्यासारखं सुटं, सरळ,
पावसातही वाचता यावं असं.

मी खड्ड्यात उतरतो.
डोक्यावर व्हॅनचं पोट, हातात दिवा
आणि एक हातोडी, अक्रोड फोडायची असते तेवढी.
शिवणीशिवणीवर ठोकत जातो.
निकोप पत्रा ‘टण्’ म्हणतो.
गंजका ‘ढब्’ म्हणतो, तोही खरंच बोलतो.
पण आत पुट्टी लिंपून वरून रंग चढवलेला
काहीच म्हणत नाही.
तेवीस वर्षांत मला भीती वाटली ती त्याचीच.

गेल्या उन्हाळ्यात ओल्डेनबुर्गहून दोघं आली होती, तरुण.
नवे पडदे, दिव्यांची माळ, ओट्यावर तुळशीसारखं काहीतरी कुंडीत.
तिसऱ्याच ठोक्याला हातोडी पत्र्यातून आत गेली
आणि आतून मूठभर तांबडा भुगा माझ्या डोळ्यांत.
‘पण स्वयंपाकघर सगळं नवीन आहे,’ मुलगा म्हणाला.
मी डोळे धूत होतो. काय बोलणार?

विबकेची व्हॅन सुंदर नाही.
उजव्या दाराचा रंग थोडा वेगळा, छपराच्या कापडाला ठिगळ,
पण पाण्याचे पाइप स्टेनलेसचे,
पेट्रोलच्या नळ्या दर पाच वर्षांनी नव्या,
जुन्या ती कापून बघते, आतून कितपत तडकल्यात ते.
टायरची नक्षी शाबूत होती तरी बदलले यंदा.
‘रबर म्हातारं झालं की दिसत नाही,’ म्हणाली,
‘वळणावर कळतं.’
गुडघ्यावर टिचकी मारून पुढे:
‘हा टायटॅनियमचा. यालाही ठोकून बघ.’

मग तिनं विचारलं, जे सगळेच विचारतात,
फक्त तिनं नजर व्हॅनवर ठेवून विचारलं:
‘नॉर्वे. पार वरपर्यंत. जाईल का?’

मी शिक्क्याची शाई पुसत होतो.
माझे वडील गाई पाळायचे, एम्सच्या काठी, बांधाखाली,
आणि सगळ्यात भरवशाची जी गाय,
तिलाच दर वर्षी गोऱ्हा व्हायचा.
म्हटलं, ‘हा शिक्का शाई वाळेपर्यंतचा, विबके.
पुढचं वही बघेल.’
ती म्हणाली, ‘म्हणजे जाईल.’
मी असं म्हणालो नव्हतो.

त्या संध्याकाळी घरी
बॉयलरवर, जिन्याच्या कठड्यावर, स्वतःच्या गाडीच्या दारावर
उगाच बोटं वाजवत फिरलो.
बायको म्हणाली, चहा गार होतोय.

सप्टेंबरात पोस्टकार्ड आलं.
पुढे तांबडी झोपडी, काळं पाणी, वाळत टांगलेले मासे.
मागे तेच सरळ अक्षर:
‘एक्झॉस्ट लोंबला. तारेनं बांधलाय.
घर अडीच हजार किलोमीटर.
आवाज येतो.
कुठून, ते मला माहीत आहे.’

कार्ड खड्ड्याशेजारच्या खिळ्याला अडकवलंय,
हातोडीच्या खाली.
तारेनं बांधलेला एक्झॉस्ट मात्र
मी पास करणार नाही.