कडी

उचगावच्या दस्तगीरनं पागा बांधली पक्की.
वर पत्रा, खाली रबरी चटई, दोन पंखे,
दाराला पितळी कडी.
"लाखाचं जनावर, भावा,
उघड्यावर ठेवतंय कोण?"

माझी चंद्री बावड्याला, उसाच्या बांधावर.
तीन बाजूंनी कुडाची भिंत,
चौथी बाजू तिची.
पाऊस लागला तरी छपराखाली येत नाही,
वाऱ्याकडं पाठ करून उभी,
शेपूट पायांत.
मी खिडकीतनं शिव्या घालतो,
मग पोतं घेऊन पळतो.
आषाढात खूर नासतात तिचे,
नालबंद बाबालाल नाक मुरडत
पैसे मोजून घेतो.
खोटं कशाला बोलू.

काल रात्री दस्तगीर आला,
वरातीचा फेटा अजून डोक्यावर.
बाजेवर बसला, चहा नको म्हणाला.
अंधारात चंद्री कडबा चावत होती,
मधूनच फुरफुरत होती.
"आमचं आता ऐकाय येत न्हाई रे," तो म्हणाला.
"दाराआड हाय का गेलं, कळत न्हाई.
तीनतीनदा उठतो.
कडी काढून बघतो."

मी काय बोलणार?
चंद्रीनं पाय आपटला.
तो उठेना.