जवस

सियागंजात एका पोत्यापुढं थांबून
ओरा मॅकक्लंगनं कोपरापर्यंत हात घातला.
"अलसी है, मॅडम," दुकानदार.
हेच, ती म्हणाली,
हेच आमच्या बायांनी उशीत शिवून नेलं
समुद्रापलीकडं, मग टेनेसीच्या डोंगरात.
पेरलं, कुजवलं, कुटलं, कातलं.
बाळंत्यापासून प्रेतावरच्या चादरीपर्यंत
सगळं याच्याच धाग्याचं.

ती स्वतःला स्कॉच-आयरिश म्हणवते.
स्कॉटलंड पाहिलेलं नाही. आयर्लंडही नाही.
मला हसू आलं.
मी खटावकर. खटावला कुठल्या फाट्यावरून वळायचं
हे नकाशात बघावं लागेल.
होळकरांच्या पागेबरोबर आलो, एवढं ठाऊक,
आणि पुण्याचे पाहुणे आमच्या 'करून राहिलो'ला हसतात.
तिच्याही बोलण्याला शहरात हसतात म्हणे.

खापरपणजानं एकट्यानं रान तोडलं,
ओंडक्यांचं घर उभं केलं,
सांगताना तिचा आवाज चढला.
मग दाणे हातातून सोडत, हळू:
"रान रिकामं नव्हतं.
चेरोकींचा मका उभा होता तिथं."

मी अर्धा किलो बांधायला सांगितलं.
आमच्या कागदांत सनदा आहेत,
एका घोडीचं नावसुद्धा आहे.
आम्ही आलो तेव्हा
त्या शिवारात कुणाचं काय उभं होतं,
ते नाही.

रात्री तिला जवसाची चटणी वाढली.
तिखटानं डोळे भरले तिचे.
"आमच्यात हे कुणी खाल्लं नाही कधी."
दातात एक दाणा अडकला होता,
बोलताना दिसत होता.
मी सांगितलं नाही.