किरकोळ

आमच्या घरात एक वही आहे.
प्रयागच्या सातवीच्या गणिताची,
मागची पानं कोरी राहिली ती.
डावीकडं माझं अक्षर, उजवीकडं ह्यांचं.
तेल, मीठ, गॅस, भिशी, शिकवणीची फी,
आणि दर शुक्रवारी, कोपऱ्यात, बारीक:
किरकोळ, दहा.

मुंजाजी मोंढ्यात मापाडी.
दिवसभर दुसऱ्यांची तूर तोलतात,
काटा हलायचा थांबेपर्यंत श्वास धरून.
क्विंटलमागं शंभर ग्रॅम कमी असली
तर पोत्याकडं बघूनच सांगतात.
घरी आले की आधी पेपर अंथरायचा,
विजारीच्या दुमडीतून दाणे झाडायचे.
कधी चाळीस, कधी साठ.
उनाड दाणे, म्हणतात, कुणाच्याच पोत्यातले नाहीत.
सव्वा महिन्यात बरणी भरते,
मी भरडते, एका रात्रीचं वरण होतं.

मीही काही कमी नाही.
साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवते,
टूथपेस्टची नळी कात्रीनं उभी फाडते,
गिऱ्हाइकांच्या फॉलचे उरलेले तुकडे
जोडून जोडून उशीला अभ्रा.
द्वारकाबाई म्हणतात,
तुमच्या घरात मुंगीला उपास पडतो गं.
पडत असेल.

पण साडेतीनला,
प्रयाग शाळेत, पिकोची मशीन गप,
बाहेर परभणीचं ऊन पत्र्यावर बसलेलं,
तेव्हा मी ज्वारीच्या डब्यात
कोपरापर्यंत हात घालते
आणि कप काढते.
पांढरा, सोनेरी काठाचा, इतका पातळ
की उजेडाला धरला तर पलीकडची बोटं दिसतात.
सहाचा सेट होता म्हणे, पाच फुटले.
शनिवारच्या बाजारात बाई म्हणाली,
एकट्याला कोण घेतंय, द्या तीस.
वहीत मी लिहिलं: सुया, दोरा, बॉबीन.
त्यात चहा. विलायची एकच, टरफलासकट.
बशीत ओतत नाही. फुर्रकन पीत नाही.
दाराला कडी.
बारा मिनिटं मी कुणाची कुणी नसते.

ह्यांच्या शर्टाचा वास मला धुताना लागला.
उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना.
कॉलरला मोंढ्याची धूळ आणि कानाच्या उंचीला बाग.
खोटं कशाला बोलू, पोटात गोळा आला.
दोन शुक्रवार डोळ्याला डोळा नाही.
तिसऱ्या शुक्रवारी
फॉल आणायचं निमित्त केलं, स्टेशन रोडला गेले,
तर हे मशिदीच्या कोपऱ्यावर,
खलीलभाईच्या गाड्यापाशी,
बाटल्यांसमोर वाकून, तसाच श्वास धरून.
बाटली घेतली नाही. नुसता फाया.
दुकानदार घेत नाहीत ते दहाचं नाणं दिलं,
कापूस कानात बसवला आणि निघाले.
लग्नात घोड्यावर एवढे ताठ नव्हते.

तो फाया सोमवारपर्यंत पुरवतात.
रात्री काडेपेटीत ठेवतात,
मला झोप लागली असं समजून.

मी बोलले नाही. काय बोलायचं.
मग परवा दळण टाकायचं होतं,
मी मशीनवर, हे म्हणाले, बस तू, डबा मी नेतो,
आणि उठायच्या आत पायऱ्या उतरले पण.
पाय लटपटले माझे. सुई बोटात गेली.
तासाभरानं पीठ आलं, डबा आला,
हे हातपाय धुऊन पेपर अंथरून बसले,
दाणे मोजायला.
डब्यात बघते तर तळाला कप,
धुतलेला, त्यांच्या रुमालात गुंडाळून.
पुढचे दोन दिवस चहाला हिना लागत होता.

काल महिनाअखेर. वही उघडली.
बेरीज साडेबेचाळीस रुपयांनी चुकत होती,
माझ्या बाजूला का त्यांच्या, कुणास ठाऊक.
मी पेन्सिल घेतली.
क्विंटलमागं शंभर ग्रॅम ओळखणारा माणूस
चष्मा काढून म्हणाला,
जुळलंय की. मिटव आता,
लाइट जळायलाय उगंच.