दुसरी वेलांटी

सोमवारी आले तर जुना पडदा गेलेला.
शीर्षक, लेखक, विषय, दाखल क्रमांक:
चार खिडक्यांचं ते हिरवट घर,
ज्यात मी एकोणीस वर्षं ठाण मांडून बसले होते.
त्या जागी एकच लांबट पांढरी चौकट
आणि आत फिकट अक्षरांत : काहीही शोधा.

काहीही!
असं मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

प्रशिक्षण वाशीहून आलेल्या एका मुलानं दिलं.
दीड तास, मध्ये समोसा.
“मॅडम, आता शुद्धलेखनाचं टेन्शन नाही,
सिस्टिम समजून घेते.”
पाटकर सरांनी वहीत उतरवलं : सिस्टिम समजून घेते.
आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मी आधी ‘पाणी’ टाकलं.
एकेचाळीस हजार दोनशे सहा.
जुन्यात सत्तावीस होती, सत्तावीसही ओळखीची,
कुठल्याची शिवण उसवलीय,
कुठल्यात कुणी परीक्षेच्या आदल्या रात्री
समासभर पेन्सिलीनं रडलंय.
आता कडेला गाळण्या दिल्यात.
वर्ष, भाषा, प्रकार,
आणि अगदी तळाशी : फक्त आपल्या ग्रंथालयात.
तिथं खूण केली की
बेलापूरची खाडी ओसरते तशी यादी मागे सरते
आणि उरतात आपले नेहमीचे खडक.
हे जमायला गुरुवार उजाडला.
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी युगंधरा कडू आली.
उलव्याची. मिठागरांवर प्रबंध करतेय.
काउंटरकडे न बघताच मोबाइलवर शोधलं
आणि माझ्यापुढे वर्गांक धरला.
६६४.४, तिसरा मजला.

तो अहवाल.

आता सांगायलाच हवं.
दोन हजार सहा साली, नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात,
त्याची नोंद मी केली. टाइप केलं : मीठागर.
मीठ दीर्घ, म्हणून मीठागरही दीर्घ.
आगर जोडलं की मीठ आखडतं
हे मला कळलं पाच वर्षांनी,
कुणाच्या तरी तपासून आलेल्या प्रकरणात, लाल शाईत.

तोवर उशीर झाला होता.
म्हणजे झाला नव्हता, एक कळ दाबायची होती.
पण तोवर असं व्हायला लागलं होतं की
मुलं शोधायची, पडदा म्हणायचा ‘नोंद आढळली नाही’,
ती काउंटरशी यायची
आणि मी मान वर न करता सांगायचे :
तिसरा मजला, शेवटचं कपाट, खिडकीकडून चौथं.
मॅडमना सगळं तोंडपाठ आहे, मुलं म्हणायची.
निरोप समारंभात एका प्राचार्यांनीही म्हटलं, माइकवर.

एका दुसऱ्या वेलांटीवर
मी चौदा वर्षं हुशार होते.

“मॅडम, हे बघा ना,” युगंधरा हसत होती.
तिनं बरोबर लिहिलेल्या शब्दाखाली
सिस्टिमनं अदबीनं विचारलं होतं :
तुम्हाला असे म्हणायचे आहे का : मीठागर?
“आमच्या घरात तीन पिढ्या आगरात राबल्या,
आणि हा मला मीठ शिकवतोय.”

मी हसले. हसण्यात काय जातं.

ती दहा मिनिटांत पुस्तक घेऊन खाली आली.
मला एक शब्दही विचारावा लागला नाही तिला.
मागच्या पानावर तारखांचे शिक्के, मोजले, अकरा.
अकराही मला विचारून वर गेलेले.
जे ‘आढळली नाही’ वाचून
तसेच बसथांब्याकडे गेले
त्यांचा शिक्का कुठल्या पानावर असतो?

ती गेल्यावर नोंद उघडली.
वेलांटी खोडली, दुसरी दिली. म्हणजे पहिली.
सिस्टिमनं काही विचारलं नाही.
कोपऱ्यात एवढंच आलं :
बदल रात्री बारानंतर लागू होतील.

साडेसहा वाजले होते.
मी पंखे बंद केले,
आणि जाता जाता पुन्हा एकदा वळून
त्या चौकटीत, कुणी बघत नाहीसं पाहून,
माझं माहेरचं नाव टाकलं.