पेंड

धरणगावात आमच्या घाण्यावर
कोणी भाकरी घेऊन आला तर कोरडी खात नाही.
वाटीभर ताजं शेंगतेल, वर तिखटाची चिमूट.
बापाची रीत, आता माझी.
आणि माझ्याच घरात माझीच आंडेर
भाजीवरची तर्री चमच्याने ओढून
ताटाच्या कडेला लावून ठेवते.

हर्षाली. सोळावं चालू. कुस्ती, गट त्रेपन्न किलो.
अंगावर चोपन्न आणि वर तीनशे ग्रॅम,
धुळ्याला काट्यावर उभं राहायचं पंचवीस दिवसांनी.
देसले सर म्हणाले, काका, तेल तोडा, प्रोटीन वाढवा.
अंडी चालतील?
मी गळ्यातल्या माळेला हात लावला.
सर म्हणाले, बरं.

मग कोकिळाने घरातलं कडधान्य भिजत घातलं.
मटकीला मोड, कुळथाचं कढण,
उडदाचं घुटं, तेही बिनफोडणीचं,
ताक दोनदा घुसळून, लोण्याचा कण राहू न देता.
आमच्याकडे फोडणी बंद म्हणजे सुतक.
शेजारची दारातूनच वास घेऊन थबकली,
हळूच म्हणाली, कोण गेलं व बाई?

दिवस निघायचा. रात्र निघायची नाही.
अकराला डब्यांची झाकणं वाजायची.
मी अंथरुणातून विचारायचो,
पोट भरनं नही का व माय?
भरनं व्हतं, ती म्हणायची. सरी गयं.

घोडं तिथंच पेंड खात होतं.

पेंड!
अंधारात मी एकटाच हसलो.
तीस वर्षं दाण्यातून तेल काढलं,
बाटल्या भरल्या, तेलावर नाव कमावलं,
आणि दाण्याचं उरलेलं बळ
पोत्याने विकलं सुकलालच्या म्हशीला.
बघा एकदा ती म्हैस.

सकाळी सरांपुढे पेंडीचा ढेकूळ ठेवला.
त्यांनी तुकडा मोडला, बोटांत चोळला.
काका, यात तेल राहतं थोडं.
माझ्या पेंडीत?
दिवसभर मी कोणाशी बोललो नाही.

रात्री दाणा निवडायला स्वतः बसलो,
काळा, खवट, सुरकुतलेला, एकेक बाजूला.
म्हशीसाठी कधी निवडला नव्हता.
घाणा लावला, आणि तेल उतरल्यावर
तीच पेंड पुन्हा लावली.
ओंडका असा कुरकुरला
की बाप असता तर मोटर बंद केली असती.
निघालं पळीभर. ती पळी तशीच सरांकडे नेली.
सर हसले. अर्धी वाटी द्या, ताकात कालवून.
त्यावर नको.

कोकिळाने पेंड कुटली, चाळली,
कळण्याच्या पिठात मूठभर मिसळली.
पहिली भाकरी तव्यावर जायच्या आधीच चिरली.
दुसरी चिरली. तिसरी मी खाल्ली.
चौथी टिकली.
लसणाची चटणी, मोडाची मटकी, गार ताक.
पोरगी चावत राहिली, चावत राहिली,
कोरड्या घासाला दातांचं काम फार.

अकरा वाजले. बारा वाजले.
झाकण वाजलं नाही.
जागा मी होतो.

धुळ्याला काटा बावन्न आठशेवर थांबला.
कुस्ती दुसऱ्या फेरीतच गेली,
पिंपळनेरच्या पोरीने पाठ लावली; तो विषय वेगळा.
बसस्टँडच्या बाकड्यावर डबा उघडला,
मी पिशवीतून लहान बाटली काढली,
सगळी कामं सोडून सोबत आणलेली.
आते तरी टाकू का?
तिने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
टाक. थोडंसं.

शुक्रवारी सुकलाल आला, पोतं उचलून म्हणाला,
हलकं लागतंय हो.
असणार, मी म्हणालो.
घरात एक खाणारं वाढलंय.
बाहेर गाडीला बांधलेली म्हैस
माझ्याकडे बघत रवंथ करत होती.