संमतीपत्र, आवृत्ती सातवी

करारावर तीन शिक्के आहेत:
परळच्या इस्पितळाचा, कलिन्याच्या विद्यापीठाचा,
आणि एका थंड देशातल्या विद्यापीठाचा, ज्यावर घुबड आहे.
मी चौथी, बिनशिक्क्याची.
पानामागे एकशे ऐंशी रुपये.

‘ट्रान्सलेशनल रिसर्च’ हे शब्द पहिल्यांदा वाचले
तेव्हा वाटलं, चला, आपल्या धंद्याची कुणीतरी दखल घेतली.
डॉक्टर मिस्किटा हसल्या.
अगं, प्रयोगशाळेतलं खाटेपर्यंत पोचवणं, त्याला म्हणतात.
म्हटलं, मग मी वेगळं काय करते?

काम साधं: एक काडी, टोकाला बोळा,
निळ्या झाकणाची नळी.
बाईनं मोरीचं दार लावून आपलं आपण घ्यायचं.
कॅन्सर व्हायच्या कितीतरी आधी
त्याची चाहूल लागते म्हणतात.

सहा आवृत्त्यांत मी ‘गर्भाशयमुख’ लिहिलं.
शुद्ध शब्द, समितीनं मान डोलावली.
ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात मात्र
तो कुणाच्याच अंगात सापडला नाही.

चांगुणा वैती जवळा निवडत बसली होती.
हात चालूच, म्हणाली, वाच.
मी वाचलं. ती थांबली.
‘पिसवीचा तोंड म्हन ना सरळ.’
मी पेन्सिलनं खोडलं, आणि तिच्यासमोरच लिहिलं.
सहा आवृत्त्यांत एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मग कलम चौदा.
नमुने उणे ऐंशी अंशांवर
भविष्यातील संशोधनासाठी साठवले जातील.
उणे ऐंशी म्हणजे किती, तिनं विचारलं.
बर्फापेक्षा खूप गार, मी म्हटलं.

बर्फ तिला शिकवायचा नसतो.
पहाटे साडेतीनला भाऊच्या धक्क्यावर
तिनं तीस वर्षं बर्फाचे भाव केलेत.
‘बरफान ठेवतान ते इकाला ठेवतान.
माजा तुमी कोनाला इकनार?
आनि भाव सांगाला कोन येल?’

फॉर्ममध्ये याला रकाना नव्हता.

त्या रात्री मी डॉक्टरांना लिहिलं.
तिचं वाक्य तसंच ठेवलं, खाली इंग्रजी.
‘इकाला’ या क्रियापदापाशी बराच वेळ बसले.
सौम्य शब्द होते हाताशी. नाही वापरले.
डॉक्टरांनी ते घुबडाकडे पाठवलं,
घुबडानं समितीकडे, समितीनं वकिलांकडे,
आणि नऊ आठवडे मी दुसऱ्याच कुणाच्या
मधुमेहाचं मराठी करत राहिले.

दोन ओळी मागितल्या होत्या.
एक आली:
‘निकाल घरी येऊन, तुमच्या भाषेत सांगितला जाईल.’
दुसरी, की अभ्यास संपल्यावरही हे किट
पालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळेल,
तिच्यापुढे लिहिलंय: विचाराधीन.

सातवी आवृत्ती छापली. चांगुणानं सही केली,
इंग्रजीत, लांबलचक, शाळेत शिकलेली,
आणि काडी घेऊन मोरीत गेली.

काल पहिला लिफाफा निघाला. तिचाच.
नर्स तावडे आणि मी गेलो.
पॉझिटिव्ह. वेळेत आहे. परळला यावं लागेल,
जायचा-यायचा खर्च अभ्यासातून.
मी प्रत्येक शब्द जपून ठेवत होते, मासे मांडतात तसा.
तिनं हात धुतले, साबणानं, कोपरापर्यंत.
‘कमलीचा काय आला?’
ते दुसऱ्याला सांगता येत नाही, कलम नऊ.
‘बरा हाय तो कलम,’ ती म्हणाली,
आणि मग, ‘ती दुसरी ओल आली?’

विचाराधीन, मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं.
इतकी वर्षं झाली या धंद्याला,
पण हा शब्द मराठीतून मराठीत
कसा आणायचा ते मला सुचलं नाही.
तीच म्हणाली,
‘म्हंजे बरफान.’